परातीवरची नावं

गंगापूर रोड, नाशिक
३ ऑक्टोबर २००४

दादा,

अक्षरावरून कळलंच असेल तुला, पत्र सगुणाचं आहे. चुलीत घालायच्या आधी एवढं एक वाच. मला मळ्यात वाटा नको, माहेरची साडी नको. आपल्या पितळी परातीच्या काठावरची नावं हवी आहेत, ज्या क्रमानं घातली आहेत त्याच क्रमानं. एका पोस्टकार्डात मावतील.

अकरा वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस, तेव्हा मी काय करते हे तुला कुठून ठाऊक असणार? मी इथल्या एका दवाखान्यात मावशी आहे. छातीचे फोटो आणि टू-डी इको होतात त्या विभागात. फरशी पुसते, पेशंटला टेबलावर चढवते, घाबरला तर हात धरते. काय वेळ आली म्हणून हळहळू नकोस. मजेत आहे मी.

गेल्या सोमवारी सिन्नरकडची एक बाई आली. नाकाला रक्ताचा बोळा, ओठांवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके, बोटांच्या टोकांवरही तेच. माझे आपोआप हात जोडले गेले. डॉक्टर तबस्सुम शेजारीच उभ्या होत्या. मालेगावच्या आहेत, पस्तिशीच्या, आम्हा लोकांशी फटकळ आणि पेशंटशी मऊ. म्हणाल्या, "मावशी, नमस्कार कुणाला?"

म्हटलं, "मॅडम, हिला देवीनं कुंकवाचं बोट लावलंय. आमच्या घरात पणजीपासून लावते. ज्याच्या ओठावर ठिपके उठतात त्यानं घट बसायच्या दिवशी झेंडूची पहिली परात डोक्यावर घ्यायची आणि चांदवडच्या रेणुकामातेच्या पायऱ्या चढायच्या. मग त्याचं नाव परातीवर घालतात."

त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "नावं घातलीत? सगळ्यांची? अहो मावशी, लोकांना आपला आजोबा कशानं गेला ते सांगता येत नाही, आणि तुम्ही भांड्यावर कोरून ठेवलंय?"

मग विचारलं, "यांना घोळणा फुटायचा का?" म्हटलं, फुटायचा म्हणजे काय, आमच्या घरात उशा लाल असायच्या. त्या म्हणतात, हा आजार आहे, आईबापाकडून लेकरांत उतरणारा. मी भडकले. देवीच्या खुणेला आजार म्हणता, म्हणून चांगलं तोंडाला तोंड दिलं. पण त्या भांडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "नावं आणा, मग भांडू."

तर नावं पाठव. वर शिव्या लिहिल्यास तरी चालेल, खाली नावं लिही.

सगुणा


नाशिक
१६ जानेवारी २००५

दादा,

पोस्टकार्ड आलं. सही नव्हती, पण तुझं अक्षर असं वळणदार कधी होतं रे? भागीवहिनीनं सांगितलं असणार आणि तुझ्या रूपालीनं लिहिलं असणार. दोघींवर ओरडू नकोस, माझी शपथ आहे.

कलाबाई, देवराम, वाळूबा, भिमाजी, सगुणा, मैना, रूपाली. सात नावं. वाचताना माझे डोळे शेवटच्या नावावर अडकले. मी शेवटची पाहिली तेव्हा रूपाली परकर सावरत शाळेत जायची, आणि आता तिच्याही ओठाला ठिपके आलेत. लग्नही झालं म्हणे, नामपूरला. आत्याला अक्षतांपुरतंही बोलावलं नाहीत. असू दे.

तबस्सुम मॅडमनी कागदावर बायांसाठी गोल आणि पुरुषांसाठी चौकोन काढले आणि नावं असलेले सगळे काळे केले. पणजी काळी, आजोबा काळे, बाबा काळे, आपण तिघं भावंडं काळी, तुझी लेक काळी. म्हणाल्या, "बघा, एकही पिढी सुटली नाही."

त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. तू ठिबकवाला आहेस, तुला माझ्याआधी कळेल. हृदयातून जाड नळ्या जोरानं रक्त नेतात, ती मेन लाइन. पुढं तिच्या केसासारख्या बारीक नळ्या होतात, तिथं जोर ओसरतो आणि रक्त अंगाला थेंबाथेंबानं पोचतं. मग ते परतीच्या नळीनं मागं येतं. पोटातल्या बाळात हे सगळं जाळं नव्यानं पसरतं. मोठेपणी जखम झाली की तेवढ्यापुरतं पुन्हा वाढतं. कुठं वाढायचं, कुठं बारीक व्हायचं आणि कुठं आता पुरे म्हणून थांबायचं, याचे हुकूम जीनमध्ये लिहिलेले असतात. कॅन्सरच्या गाठीत उलटं होतं. गाठ नुसती हाका मारत सुटते आणि आजूबाजूच्या नळ्या स्वतःकडे ओढून घेते. ती हाक बंद करायची औषधं आता निघालीत म्हणे.

आपल्या घरात हुकूम निम्मे आहेत. प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. आपल्यातली एक फाटकी. म्हणून काही ठिकाणी बारीक नळ्या होतच नाहीत, मेन लाइन थेट परतीच्या नळीला जोडली जाते. तिथं कातडी पातळ राहते. ओठावर असली तर ठिपका दिसतो, नाकात असली तर घोळणा फुटतो. आपण मात्र चैत्र आला, ऊन बाधलं, म्हणून कांदा फोडून हुंगत बसायचो.

नाकातलं एकवेळ ठीक. पण अशी नळी फुप्फुसातही असू शकते. फुप्फुस रक्तातला गाळ अडवतं, तुझ्या पंपापाशी फिल्टर बसवलाय तसं. नळी थेट असली की सगळं फिल्टर चुकवून डोक्यात जातं. बाबा आठव. चव्वेचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस आणि मेंदूत पू झाला. कुणी करणी केली म्हणून आपण सहा महिने चुलत्यांच्या ओट्यावर पाय ठेवला नव्हता.

आणि आपली मैना. बाई गरोदर असली की अंगात रक्त वाढतं. ती नळी फुगते आणि फुटते. मॅडमनी मला विचारलं, "सातवा महिना होता? खोकल्यातून रक्त आलं?" मी अजून काही सांगितलंही नव्हतं.

बाळंतपणाला माझ्याकडे आली होती ती, आणि तिला मी लगेच दवाखान्यात नेलं होतं. तेव्हाही हेच सांगत होते, पण तू कुठं ऐकलंस? सगळ्या भावकीत म्हणालास, "हिच्यातून देवी उठून गेलीय. हिच्या घरात पोर मरणारच." बारा वर्षं व्हायला आली, वाक्य जसंच्या तसं पाठ आहे मला.

मॅडमनी माझं रक्त घेतलंय. त्यांच्या ओळखीचे संशोधक परदेशात आहेत, तिकडं पाठवलंय. फाटकं पान नेमकं कुठलं ते कळेल. परातीवर माझंही नाव आहे ना, म्हणून माझंच दिलं.

नाकाला साजूक तूप लावत जा. आणि कांदा खा, हुंगू नकोस.

सगुणा


नाशिक
२२ मे २००५

दादा,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. मग हवं तर माझ्या नावानं आंघोळ कर.

परवा वहिनीनं एसटीडीवरून फोन केला. रूपालीला पाचवा लागलाय, उन्हाळ्यापुरती माहेरी आणलीय, आणि पोर मळ्यातून घरापर्यंत आली की धापा टाकते. वहिनी म्हणाली, "पयलटकरीण हाय, व्हतं असं." मला मात्र मैना दिसली. तीही अशीच म्हणायची, जिना चढवत नाही गं ताई. मी पळत मॅडमकडे गेले. त्यांनी बुधवारची वेळ दिली.

आणि काल माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. दोन्ही प्रती धड. फाटकं काही नाही.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "मावशी, माझं चुकलं असावं. तुमच्या अंगावर ठिपके येऊन गेले आणि जीन तर चांगला आहे. म्हणजे तुमच्या घरात हा आजार नसेल, दुसरंच काही असेल. त्या पोरीला एवढ्या उन्हात, पोटुशी, एसटीनं कशाला ओढून आणता? तिकडेच दाखवा."

माझ्या हातात पोछा होता. गप्प बसले असते तर कुणालाही काही कळलं नसतं. तुझी देवीची खूण राहिली असती, माझी अब्रू राहिली असती. आणि रूपाली घरीच राहिली असती. त्या शेवटच्याचा विचार आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, माझे ठिपके खोटे होते."

आता तुलाही सांगते. तुझं नाव परातीवर घातलं त्या वर्षी आजीनं तुला नवा सदरा शिवला, ताटात आधी तुला वाढलं. मी तिच्या मागं मागं फिरायचे आणि रोज आरशात ओठ बघायचे. काही उठत नव्हतं. तीन वर्षं वाट पाहिली. चौदाव्या वर्षी, घट बसायच्या आदल्या दिवशी, काकूच्या पायाला लावायच्या आळत्यात काडी बुडवली आणि ओठांवर पाच ठिपके दिले. आजीनं बघितलं आणि मला उचलूनच घेतलं की रे! मी पायऱ्या चढून आले त्याच दिवशी परात तांबटाकडं गेली. माझ्या आयुष्यात मी इतकी आनंदात कधीच नव्हते.

पाच दिवस रोज नव्यानं रंगवत होते. सहाव्या दिवशी बाटली संपली. ठिपके गेले. आजीचं तोंड उतरलं आणि ती म्हणाली, देवी उठून गेली हिच्यातून. तिथून पुढं मला कधी कुणाची ओटी भरायला पुढं केलं नाही. खरं सांगितलं असतं तर मार खाऊन मोकळी झाले असते. पण खोटं बोलले म्हणण्यापेक्षा देवीनं टाकलेली म्हणवून घेणं मला सोपं वाटलं. चौदा वर्षांचं डोकं ते.

त्याच वाक्यानं तू मला मैनेच्या तेराव्याला हाकललंस. मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. मला वाटायचं, मी देवीला फसवलं, तिनं मैना नेली. ती शिक्षा मी भोगत होते, म्हणून तुझ्याशी भांडलेही नाही.

आणि अजून एक. मागच्या पत्रात लिहिलं की तिला लगेच नेलं. लगेच नाही नेलं. आधी कांदा फोडला, डोक्यावर गार पाणी ओतलं, आता थांबेल म्हणत बसले. अर्धा तास गेला असेल. त्याची मी माफी मागते, तुझी आणि तिची.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. रागावतील, कामावरून काढतील, असं वाटलं होतं. त्यांनी खणातून तो कागद काढला, माझ्या काळ्या गोलावर पांढरा रंग फासला आणि माझ्यापुढं धरला. "आता बघा. तुमच्यात आजार नाही, म्हणून जीन धड. बाकी सगळ्यांत आहे. सगळं बरोबर बसतंय, मावशी. बुधवारी पोरीला आणायचंच."

दादा, देवी माझ्यातून उठून गेली नाही, कारण ती आलीच नव्हती. परातीवरून माझं नाव खोडून टाक, मला राग नाही. पण रूपालीला बुधवारी पाठव. मला शिव्या देत पाठव, पण पाठव. मी सकाळपासून सीबीएस स्टँडवर उभी राहणार आहे.

सगुणा


नाशिक
२६ जून २००५

दादा,

जिंकलो! आधी तेच लिहिते, बाकीचं मग.

वहिनीनं तुला सांगितलं असेलच की तू बाजार समितीत गेलास तेव्हा ती पोरीला घेऊन पहिल्या गाडीनं निघाली. माझं पत्र रूपालीनंच वाचलं होतं, तुझ्या आधी. एसटीतून उतरली ती माझ्या गळ्यातच पडली आणि म्हणाली, "आत्या, आळता कुठल्या रंगाचा होता गं?" आणि हसली. ओठांवर सहा ठिपके, मैनेसारखे, खालच्या बाजूला. मला रडू आवरेना. वहिनी म्हणाली, "आता रडत काय बसता, चला की."

इको माझ्यासमोर झाला. मिठाचं पाणी हलवून हलवून फेस करतात आणि हाताच्या शिरेतून सोडतात. पडद्यावर हृदयाची उजवी बाजू बुडबुड्यांनी पांढरी होते. चांगल्या माणसाचं फुप्फुस ते बुडबुडे अडवतं, डावी बाजू काळीच राहते. मी रोज बघते, काळीच राहते. रूपालीची चार ठोक्यांत पांढरीफटक झाली. मॅडम पुटपुटल्या, "या अल्लाह." मी मनात रेणुकामातेला हाक मारली. दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि पुढच्या कामाला लागलो.

पोटाला किरणं अडवणारा शिशाचा जाड पट्टा बांधून सीटी केला. उजव्या फुप्फुसात खाली, करंगळीएवढी जाड नळी, थेट. मॅडमनी जावईबापूंना बोलावलं. ते कांद्याची पिकअप नाशिकच्या रस्त्याला तशीच उभी करून आले. "छाती फाडणार का?" एवढंच विचारलं.

छाती फाडली नाही दादा! मुंबईला नेलं, मी बरोबर होते. मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर घातली, फुप्फुसातल्या त्या जाड नळीपाशी पोचवली आणि तारेची गुंडाळी सोडून तोंड बंद केलं. तू गळकी लाइन बुचानं बंद करतोस तसं. रूपाली सगळा वेळ जागी होती आणि डॉक्टरांना विचारत होती, बाळाला फोटोची किरणं लागत नाहीत ना. बोटाला लावतात ते ऑक्सिजनचं यंत्र आधी एकोणनव्वद दाखवायचं. बाहेर आली तेव्हा सत्याण्णव! मी तिथल्या सिस्टरला मिठीच मारली. ओळख ना पाळख, तीही हसायला लागली.

परवा पोर माझ्या बिल्डिंगचे तीन मजले चढून आली. वर येऊन म्हणाली, "आत्या, धाप नाही लागली." मी तिला पुन्हा खाली पाठवली आणि पुन्हा चढायला लावली. वहिनी ओरडली माझ्यावर. मला ऐकायचं होतं ते पुन्हा, त्याला काय करू?

तिचं रक्तही पाठवलंय. मॅडम म्हणतात, फाटकं पान आता सापडणारच. मग तुझी पाळी. नाकाला बोळा लावून मळ्यात फिरतोस ते मला कळतं सगळं.

सगुणा


नाशिक
१ ऑक्टोबर २००५

दादा,

नात झाली आणि तू दवाखान्यात आलास. मी इको रूममधून पोछा टाकून धावत आले, तर तू जिन्यानं खाली उतरत होतास. पाठच दिसली. टोपी तशीच, जरा पुढं कललेली. बारा वर्षं ज्या माणसावर मनातल्या मनात तोंड सोडलं, त्याला साधी हाक मारता येईना.

वरती गेले तर वहिनी हसत होती. तू मॅडमसमोर टोपी काढून उभा राहिलास म्हणे, आणि म्हणालास, "डॉक्टरीणबाई, दसरा झाला की माझंबी बघा." मॅडम मला म्हणाल्या, "मावशी, तुमचे दादा तुमच्याइतके भांडत नाहीत." त्यांना अजून तू माहीत नाहीस.

रूपालीचा रिपोर्ट आला. फाटकं पान सापडलं. आता आपल्या घरातल्या कुणाचंही रक्त बघितलं की लगेच कळेल, आहे की नाही. बाळाचंही पाठवलंय. निम्मी शक्यता आहे म्हणतात. रूपाली म्हणते, असलं तर असलं, मला माहितीय काय करायचं. पोरीचं हे बोलणं ऐकून वाटलं, मैना ऐकायला हवी होती.

मग वहिनीनं पिशवीतून तुझी चिठ्ठी काढली. कोपऱ्यात उभी राहून वाचली, आणि तेव्हापासून दिवसातून चारदा वाचते. तू लिहिलंयस ते तुलाच पुन्हा लिहून दाखवते, म्हणजे नंतर नाही म्हणायला नको:

"सगुणे, नाव खोडत नाही. ठिपके खोटे होते, पण त्या साली परात तूच नेली. भरलेली, अनवाणी, समद्या पायऱ्या, मधी कुठं टेकवली नाही. मी मागं होतो, मी पाह्यलंय. ते काय खोटं नव्हतं. मैनेच्या वक्ती मी बोललो ते खोटं होतं. मंगळवारी घट बसतात. रूपाली बाळंतीण आहे, माझं नाक फुटतंय. परात घासून ठेवली. तू ने. भिमाजी."

दादा, मी रजा टाकली आहे. मॅडमनी सही करताना विचारलं, कशासाठी. म्हटलं, माहेरी जायचंय. मी दोन दिवस मागितले होते, तिथं त्यांनी चार लिहिले.

सोमवारी संध्याकाळच्या गाडीनं येते. झेंडू ताजा तोडून ठेव, मागच्या वेळेसारखा अर्धा कळ्यांचा नको.

ओठ धुऊन येते.

तुझी सगुणा